थप्पीच्या तळाशी

अरे थांबा, कुठे निघालात? आधी हे ऐका. मी चार दिवस पोटात दाबून ठेवलंय, आता फुटेल.

माझी मावशी लॉन्ड्री चालवते, माहीतच आहे तुम्हाला. घरच्या शर्ट-पँटची नाही हं, हॉटेलांच्या चादरींची. आत पाऊल टाकलं की एवढी वाफ, की चष्मेवाला माणूस जागच्या जागी आंधळा. दोन बॉयलर, खोलीएवढाली धुलाईची मशीनं, आणि इस्त्रीचा तो अजस्र रोलर. इकडून ओली चादर आत, तिकडून कोऱ्या कागदासारखी बाहेर. रोलरवरच्या बायका ती झेलतात, घडी घालतात, आणि तोंड एक मिनिट बंद नाही.

तर मावशीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे नदीकाठचं ते हॉटेल. तिथल्या मॅनेजरला लॉन्ड्रीत सगळे कांजीसाहेब म्हणतात. मागून, अर्थात. कॉलर कडक, मान कडक, बोलणं त्याहून कडक. ते एक दिवस स्वतः आले, आणि एक चादर मावशीच्या टेबलावर टाकली. मधोमध टरकलेली.

"बाई, घेऊन दोन वर्षं होतायत फक्त. आणि अशी ढिगाने निघतायत. तुमची मशीनं कापड खातात."

मावशी म्हणाली, "खात असती साहेब, तर एव्हाना माझ्यासारखी सुटली असती."

रोलरवर हशा पिकला. साहेबांच्या मिशीचा केससुद्धा हलला नाही.

"गिरणीला नव्या चादरींची ऑर्डर देतोय. त्या आल्या की धुलाई दुसरीकडे."

बस. एवढं बोलून गेले. आणि रोलरवरच्या बायका पहिल्यांदा गप्प झाल्या, कारण त्यांना हिशोब कळतो ना. हॉटेल गेलं की एक बॉयलर थंड, आणि एक बॉयलर थंड म्हणजे निम्म्या जणी घरी.

मावशीने ती चादर उजेडात धरली, इतकी विरलेली की पलीकडची खिडकी दिसत होती. मग मला म्हणाली, "ठमे, तू एवढं कॉम्प्युटरचं शिकलीस. माझं मशीन खरंच कापड खातं का, एवढं शोधून दे. खात असेल तर मीच त्याचा गळा दाबते."

आता नीट लक्ष द्या हं. या प्रत्येक चादरीच्या कडेला, शिवणीच्या आत, एक चिप असते. नखाएवढी. गिरणीच शिवून देते, तिला गठ्ठे मोजायला बरं पडतं म्हणून. पुढे हॉटेलच्या दारात ती वाचली जाते, चादरी चोरीला जाऊ नयेत म्हणून. आणि मावशीच्या दारात वाचली जाते, बिल करायचं म्हणून. म्हणजे बघा, तीन दारं, तीन कॉम्प्युटर, प्रत्येकाला त्याच चादरी ओळखीच्या, आणि तिघांचा एकमेकांशी अबोला! दोन वर्षं! भावकीत नसतो एवढा!

मी म्हटलं, यांना बोलतं करायचं. गिरणीवाल्यांनी लगेच माहिती दिली, त्यांनाही आपलं कापड बदनाम व्हायला नकोच होतं. कांजीसाहेब काही देईनात. मग मावशीने फोन लावला. "साहेब, चोर म्हणताय ना? मग झडती तरी घ्या." दुपारपर्यंत फाइल आली.

मी काय केलं, प्रत्येक चादरीचा एक ठिपका केला. कधीच धुतली नसेल तर पांढरा. जितकी धुलाई जास्त, तितका लाल. आणि ती जिथे आहे तिथे तो ठिपका. मला वाटलं होतं, सगळीकडे कसा एकसारखा गुलाबी रंग दिसेल. सगळ्याच आळीपाळीने धुतल्या जात असणार ना?

बटण दाबलं.

अरे, काय सांगू तुम्हाला. पांढरं. नुसतं पांढरं. एका कोपऱ्यात गच्च जमलेले, जराही न हलणारे पांढरे ठिपके. आणि मूठभर लालभडक ठिपके हॉटेल ते लॉन्ड्री, लॉन्ड्री ते हॉटेल, जीव खाऊन पळतायत. दोन वर्षांची धावपळ मी एका मिनिटात पळवून बघितली. पळणारे तेच, थांबलेले तेच. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. म्हटलं, झालं, आपलाच प्रोग्राम गंडला. सगळं पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच.

मावशी मागे येऊन उभी. "या पांढऱ्या कोण गं?"

"मावशी, या तुझ्या दारात कधी आल्याच नाहीत."

"दोन वर्षांत?"

"एकदाही नाही."

"मग आहेत कुठे?"

"हे तर म्हणतंय, हॉटेलातच. चादरींच्या खोलीत."

मावशीने हात पुसले. "चल. कॉम्प्युटर खोटं बोलतोय का तू, ते तिथेच कळेल."

फाटकी चादर पिशवीत, चिप वाचायचं हातातलं यंत्र माझ्याकडे, अशा आम्ही थडकलो. कांजीसाहेबांनी नाक मुरडत चादरींची खोली उघडली. भिंतभर फळ्या, आणि फळ्यांवर थप्प्या. खांबांसारख्या उभ्या, पांढऱ्याशुभ्र. आम्ही बघतोय तोवर आमच्याच टेम्पोतून उतरलेल्या धुतलेल्या चादरी घेऊन एक बाई आली. थप्पीवर ठेवल्या, थप थप, निघून गेली. तिच्यामागोमाग खोल्या आवरणारी दुसरी आली. तिने वरच्या उचलल्या, निघून गेली.

तिघंही बघत होतो आम्ही. तिघांनाही एकदमच दिसलं.

वर ठेवायच्या. वरूनच घ्यायच्या. आल्या त्याच गेल्या! खालच्यांना कुणाचा हातच लागला नव्हता!

मावशी खाली बसली, थप्पीच्या तळाशी हात घातला आणि दात-ओठ खाऊन एक चादर ओढली. करकरीत आवाज झाला तिचा. गिरणीची कांजी तशीच होती अंगात. घडीच्या रेषा जरा पिवळसर, बाकी नवीकोरी. मी यंत्र लावलं. नंबर बघितला. मग पिशवीतल्या फाटकीला लावलं. दोन्ही नंबर पुन्हा एकदा ताडून बघितले.

"काय झालं?" कांजीसाहेब म्हणाले.

"सर... या दोघी कापडाच्या एकाच ताग्यातल्या आहेत. एकीमागून दुसरी. शेजारी-शेजारी कापलेल्या."

दोन्ही चादरी मावशीने आपल्या दोन हातांवर टाकल्या. एक जाळीसारखी, एक पत्र्यासारखी. जुळ्या बहिणी हो! एक बिचारी दोन वर्षं सतत राबत होती आणि दुसरी तिच्याच खाली गाढ झोपली होती.

"गिरणी किती धुलायांची हमी देते?" मावशीने विचारलं.

"दोनशे," मी म्हटलं. "ही त्याच्याही पुढे गेलीय. फाटलेल्या सगळ्याच."

"ऐकलंत साहेब? माझ्या मशीनने खाल्ली नाही. उलट जास्तीच जगवली."

कांजीसाहेब दारातल्या ट्रॉलीच्या कडेवर टेकले. हळूच. मग म्हणाले, "आणि मी नव्या मागवत होतो." कॉलरचं वरचं बटण काढलं हो त्यांनी! मी तो माणूस पहिल्यांदा वाकलेला बघितला.

मला काय वाटलं सांगू? त्या ऑर्डरसाठी कुठेतरी कापूस पिकला असता. कुणीतरी सूत कातलं असतं, पांढरं करायला टाक्याच्या टाक्या पाणी गेलं असतं, गिरणी रात्रंदिवस धडधडली असती, ट्रक धावले असते. आणि सगळं येऊन त्याच थप्पीवर पडलं असतं. का? तर आपला हात वरच्या वस्तूवर जातो म्हणून! एवढंसं कारण आणि एवढी मोठी साखळी!

आणि मावशी हसायला लागली तर काय. लॉन्ड्रीत परतलो, तिने स्वतःची रवानगीची फळी बघितली. तिथेही तेच! गरम चादर वर, वरचीच टेम्पोत. "अगंबाई," म्हणाली, "दुसऱ्याच्या घरातलं झुरळ बघायला गेले आणि माझ्या पदरातच निघालं." गिरणीच्या ठिपक्यांतही तेच दिसत होतं. नवे गठ्ठे पुढे, जुने मागे कुजत.

उपाय? तो कॉम्प्युटरने नाही सांगितला. मावशीने सांगितला. "चादरी उभ्या लावा. पुस्तकांसारख्या. डावीकडून ठेवा, उजवीकडून घ्या." झालं. तिन्ही ठिकाणी तसंच. माझं काम एवढंच, की एखादा ठिपका फार लाल झाला की तिघांच्याही स्क्रीनवर दिसेल, आणि त्या चादरीला थोडी विश्रांती मिळेल. साहेबांनी ऑर्डर रद्द केली, तेव्हा गिरणीवाले दोन दिवस फुगले. मग त्यांनीच कळवलं, फाटलेल्या आमच्याकडे पाठवा, पुन्हा सूत करून बघतो.

आणि धुलाई? तोच तर जीव टांगणीला लागलेला प्रश्न. मावशीने कांजीसाहेबांना स्पष्टच विचारलं, "मग आमचं काय ठरवलंत?"

साहेब म्हणाले, "बाई, झोपलेल्या एवढ्या जणींना उठवलंत. आता त्यांना आंघोळ कोण घालणार?"

विनोद केला हो त्यांनी! रोलरवरच्या एकीच्या हातातून चादर सुटली.

आज सकाळची गोष्ट. मावशी स्टूल ओढून माझ्या स्क्रीनपुढे बसली होती. दोन्ही बॉयलर चालू, रोलरवर सगळ्या जणी, कलकलाट. आणि त्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या गर्दीतून एक ठिपका सुटला. हळूहळू रस्त्यावर आला. आमच्या दाराकडे सरकू लागला.

"ठमे, आली बघ, आली," मावशी म्हणाली, आणि उठून खरंच दारात जाऊन उभी राहिली. टेम्पो लागला. पहिली पिशवी तिने स्वतः उघडली, आत हात घातला, ती करकरीत चादर शोधून बाहेर काढली. कुणीतरी एकच रात्र वापरलेली, जेमतेम चुरगळलेली.

"ये बाई," तिला म्हणाली. "फार वेळ लावलास."