तूरहिल्डबद्दल काहीच आलं नाही

तूरहिल्ड नेसविकनं उमेदीची सगळी वर्षं इस्पितळाच्या तळघरात काढली. शस्त्रक्रियेची उपकरणं धुवायची, भिंगाखाली तपासायची, वाफेच्या यंत्रात घालायची. मग ती त्याच विभागाची प्रमुख झाली आणि वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत बसू लागली. खोलीतून फ्योर्ड, डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची खाडी, दिसायचा. पण हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं आणि काचेत तिला स्वतःचाच चेहरा दिसत राहायचा.

दर वर्षी पानगळ सुरू झाली की इस्पितळ सगळ्यांना प्रश्न पाठवायचं. तुमची प्रमुख न्यायानं वागते का, काम नीट समजावते का, तुमचं ऐकून घेते का. नाव लिहायचं नसे. कुणी काय लिहिलं ते ओळखू येऊ नये, म्हणून पाचाहून कमी उत्तरं आली तर त्या विभागाचा निकाल दाखवतच नसत.

त्या वर्षी तूरहिल्डचा निकाल दाखवला गेला नाही.

तिचा साहेब आर्नफिन भला माणूस. त्यानं तिला बोलावून कॉफी दिली. यात वाईट असं काही नाही, माणसं विसरतात, असं तो दोनदा म्हणाला. पण विभागाची बैठक घेऊन बोलून घे, एवढं मात्र त्यानं बजावलं. बाहेर दुसरे प्रमुख आपापले आकडे सांगत उभे होते. कुणी कुरकुरत होतं, कुणी मिरवत होतं. तूरहिल्डला सांगण्यासारखं काही नव्हतं. ती जिन्यानं निघून गेली.

घरी तिनं मासे उकडले, बटाटे सोलले आणि उभ्याउभ्याच खाल्ले. मुलीला फोन करावा असं वाटलं. पण ती विचारणार, काय झालं? काय झालं, हे तूरहिल्डला सांगता आलं नसतं. कुणी वाईट बोललं असतं तर निदान रडता तरी आलं असतं.

बैठक तळघरातल्या जेवणाच्या खोलीत झाली. ती आत आली तसं बोलणं थांबलं. थर्मासभोवती सगळे डबे उघडून बसले होते. तिनं सरळच विचारलं, उत्तरं का दिली नाहीत?  योरुननं पावावरचं चीज सारखं केलं. योरुन आणि ती एकेकाळी एकाच टेबलाशी काम करायच्या.

"मी ते प्रश्नांचं पान उघडलं होतं," योरुन म्हणाली. "ऐकून घेते का, तिथं अडले. हो म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर वरच्यांकडून तुला बोलणी बसणार. दिलं बंद करून."

"म्हणजे माझी दया आली तुम्हाला."

"दया कसली गं. गेल्या वर्षी माझी बहीण गेली. ते सांगायला मी तुझ्याकडे वर आले होते. तू काय केलंस? लगेच रजा बघायला लागलीस. किती दिवस हव्यात, बदली कोण येईल. मी रजा मागायला आले नव्हते."

तूरहिल्डला तो दिवस आठवत होता. आपण चटकन सोय लावून दिली, याचं तेव्हा तिला समाधान वाटलं होतं.

"मी खाली आले की तुम्ही गप्प होता," ती हळूच म्हणाली.

"साहेबासमोर कोण बोलणार, बाई?" टोकाला बसलेला टेस्फाय म्हणाला. दोघीतिघी हसल्या. तीही हसली, पण जरा उशिरा, आणि तोवर सगळे डबे बंद करू लागले होते.

संध्याकाळी बसथांब्यावर योरुन एकटीच उभी होती. तूरहिल्ड गाडी लावून उतरली आणि तिच्याशेजारी जाऊन उभी राहिली.

"नाव काय होतं तिचं?"

योरुननं तिच्याकडे पाहिलं. "आता विचारतेस होय?"

"हो."

"सिन्नोवे." मग तिनं थोडं सांगितलं. बहीण बोटीवर स्वयंपाक करायची, घाणेरडी गाणी म्हणायची, शेवटी शेवटी कुणाला ओळखत नव्हती.  तूरहिल्डच्या तोंडाशी आलेलं प्रत्येक वाक्य काहीतरी व्यवस्था लावणारं होतं, म्हणून तिनं ते गिळलं. बस आली. योरुन चढली आणि मागं न बघता गेली.

त्या आठवड्यापासून तूरहिल्ड दर बुधवारी खाली जाऊन टेबलाशी उभी राहू लागली. कात्र्या उघडून बघायच्या, चिमटे ओळीनं लावायचे. हात काही विसरले नव्हते. आजूबाजूची माणसं कामापुरतंच बोलत. पुढं योरुन दुसऱ्या गावच्या इस्पितळात नोकरीला गेली. निरोपाच्या दिवशी तिनं सगळ्यांना मिठी मारली, तूरहिल्डलाही, सगळ्यांना मारली तशीच.

पुढच्या वर्षी उत्तरं आली. ऐकून घेण्याच्या प्रश्नावर गुण फार कमी होते. आर्नफिननं तिला प्रशिक्षणाला पाठवायचं ठरवलं आणि तोच बिचारा ओशाळला. तूरहिल्ड बरं म्हणाली. तो बुधवार होता. तिनं अंगावर निळा झगा चढवला, केस टोपीत घातले आणि खाली गेली. टेस्फायनं सरकून टेबलाशी जागा करून दिली. मग दोघं मुकाट्यानं काम करत राहिले.