दोन डावे पंख

मी एक विमान आहे. रिमोटवर उडणारं, दोन हातांत मावणारं. आत्ता मैदानावर उभा आहे. मोटर सुरू होईपर्यंत माझी हकीकत ऐका.

मला बाबांनी घडवलं. बाबा चष्मेवाले. जन्मभर दुसऱ्यांची नजर तपासली. स्वतःची कधी मंदावली, ते मात्र कळलंच नाही. एका संध्याकाळी मी जवळ येतोय की लांब जातोय, हे त्यांना उमगेना. त्यांनी भलतीकडे वळवलं आणि मी पाण्याच्या टाकीवर आदळलो. दोन्ही पंखांचा भुगा.

"ठेव माळ्यावर," ते सुनेला म्हणाले. "माझं उडवणं संपलं."

माळ्याची मला धास्ती. तिथे गेलेलं कुणी परत येत नाही.

सून शिवणकाम करते. तिने मला तिच्या टेबलावरच ठेवलं. "एक पंख तुम्ही करा बाबा, एक मी. मग बघू माळ्याचं."

"अगं, ही बाही नव्हे!"

"म्हणून तर आराखडा मागतेय."

आराखड्यात एकच पंख काढलेला होता, डावा. उजव्यासाठी तोच उलटून घ्यायचा. तिने प्रत काढून आणली. बाबा खिडकीशी भिंग लावून हलक्या लाकडाच्या फासळ्या कापू लागले. ती मशीनपाशी टाचण्या टोचून आपल्या पंखाच्या फासळ्या चिकटवू लागली.

"जमतंय ना गं?"

"हो. तुमचं?"

"झकास!"

एकमेकांच्या कामात डोकावायचं नाही, इतके दोघं भिडस्त. मला सगळं दिसत होतं, पण मला विचारतो कोण?

जोडायच्या दिवशी बाबांचा पंख चपखल बसला. तिचा उजवीकडे लावला, तर मागची कड पुढे आली. फिरवला, तर पोट वर. दोन्ही डावे!

"अगं, रोज बाह्या उलटसुलट कापतेस! उजवा तू घेशील असं धरून चाललो मी."

"आणि मी म्हटलं, अवघड ते तुमच्यासाठी ठेवावं. उगाच रुसाल!"

बाबा इतके हसले की चष्मा घसरला. या घरात असंच चालतं. किटलीतला शेवटचा कप दोघंही एकमेकांसाठी ठेवतात आणि चहा गार होतो.

उजवा पंख त्यांनी एकाच टेबलावर केला, भांडत भांडत. तिने पातळ आवरण इस्त्रीने चिकटवलं. वरून पांढरं, खालून भडक नारिंगी. पाठ कुठली नि पोट कुठलं, ते बाबांना लांबूनही कळावं म्हणून.

आता रिमोट बाबांच्या हातात आहे. सून खांद्याला खांदा लावून उभी.

"येतंय की जातंय, ते मी सांगते."

"मोठ्याने सांग. चुकलो तर ओरड. भीड धरू नकोस."

"मग ऐका, अँटेना आधी सरळ धरा!"

मोटर घरघरली. माणसांनो, आम्हाला जपून ठेवू नका, उडवा. माझी काळजी नको. तिच्या मशीनवर एक डावा पंख तयार टांगलेला आहे. पडायचंच झालं, तर मी डाव्या अंगावर पडेन.