मी सुलोचनाबाईंचा पाट

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाट आहे. अड्याळच्या धनीराम सुतारानं दाराच्या उरलेल्या फळीतून मला घडवलं. सुलोचनाबाई नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हापासून चुलीपुढची जागा माझी. माझ्यावर बसून त्यांनी भाकरी थापल्या, तांदूळ निवडले. जेवायला येणारे म्हणत, "पाट मजबूत आहे जी." ते ऐकून मला बरं वाटे.

पाटाला माणसाचं बसणं कळतं, तसं उठणंही कळतं. चिखलात वाकून धानाची रोवणी करता करता वय झालं आणि बाईंचा उजवा गुडघा दुखू लागला. उठताना त्या आधी भिंत धरत, मग दामिनीला हाक मारत. दामिनी त्यांची सून.

डॉक्टरांनी फोटो काढला. गुडघ्यातली गादी झिजलेली होती. तरी ते म्हणाले, ऑपरेशनची घाई नको. वजन कमी करा, मांडीचे व्यायाम करा, खाली बसू नका. बाई खुर्चीवर बसून रोज पाय सरळ करत. बराच काळ आराम पडला. पुढे दुखणं परतलं, तेव्हा सुई दिली. तिचाही गुण ओसरला.

मग बाईंनी कण्हणं सोडलं. घरातल्यांना वाटलं, बरं आहे. पण त्यांनी शेजारच्या शकुबाईंकडे जाणंही सोडलं होतं. भाचीच्या बारशाला साकोलीला गेल्या नाहीत, उन्हाचं कारण सांगितलं.

एकदा सगळे शेतावर गेलेले असताना त्या डॉक्टरांची मनाई मोडून माझ्यावर बसून भाजी चिरत होत्या. उठायला गेल्या, तर गुडघा हलेना. चूल विझली. तहान लागली, माठ समोर होता, तरी हात पोचला नाही. दामिनी परतली तेव्हा त्या तशाच बसलेल्या होत्या.

तिनं आधी पाणी दिलं. मग शेजारी जमिनीवर बसून विचारलं, "आई, तुमी घराच्या बाहेर कधी गेल्या होत्या?"

मागून आलेले सासरे सेवकराम म्हणाले, "जाते ना. थोडंफार चालतेच ते. या वयात गुडघे कोनाचे दुखत नाही? ऑपरेशन करून बसून राहिली म्हंजे?"

बाईंना आजवर त्यांच्यापुढे उलट बोलताना मी ऐकलं नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "नाही चालत जी मी. झोपही येत नाही. तुमाले सांगून काय करू, म्हनून सांगत नव्हती."

सेवकराम दाराशीच खाली टेकले. मग म्हणाले, "मले काहून नाही दिसलं?"

दामिनीनं बाईंना धरून उठवलं.

दुसऱ्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेली. तिथलं बोलणं दामिनीनं रात्रीच्या स्वयंपाकात नवऱ्याला, अमरला, सांगितलं. "डॉक्टर म्हने, फोटो तर मागंही खराबच होता. निस्ता फोटो पाहून ऑपरेशन करत नाही. सारे उपाय करूनही झोप लागत नसन, घराबाहेर पडनं बंद झालं असन, तवा विचार करायचा. जंतू लागायची, रक्ताची गाठ व्हायची भीती असते, तेही सांगितलं. नंतरचा व्यायाम कठीण. अन् ठरवायचं आईनं."

"मंग काय म्हने आई?" अमरनं विचारलं.

"करून घेतो म्हने."

ऑपरेशन झालं. सुरुवातीचे आठवडे अवघड गेले. व्यायामाच्या वेळी बाई ओठ चावत, सेवकराम जवळ बसून राहत. आता त्या काठी घेऊन शकुबाईंच्या ओसरीवर जातात. थोडा ताठरपणा आहे. झोप लागते.

बुटक्या आसनावर बसायला मात्र त्यांना मनाई आहे. दामिनीनं मला पुसून तांदळाच्या डब्याखाली ठेवलं. आता त्या माझ्यावर कधी बसणार नाहीत. वाईट वाटतं, पण तक्रार नाही.

मित्रांनो, लाकडाला तेलपाणी करता, तसं घरातल्या माणसाकडेही पाहा. कुठं दुखतं एवढंच विचारू नका. दुखण्यापायी काय काय सोडलं, तेही विचारा. आणि उत्तर ज्याचं त्याला देऊ द्या.