रक्त आत्ताच घ्या

भरदुपारी चौकात गोळी चालली आणि पळणारा चोर मांडी धरून कोसळला. गोळी हवालदारबाईंनी झाडली होती, हुकूम शेजारी उभ्या असलेल्या साहेबांचा होता. आता दोघं पोलीस दवाखान्यात डॉक्टरांसमोर उभे होते.

"ताई, तुम्ही दमलात," साहेब लवंग चघळत मायेने म्हणाले. "घरी जा, झोपा. गोळीबारानंतरची दारूची तपासणी दोघांचीही उद्या सकाळी करू. आपल्यात असंच चालतं."

असंच चालतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. एका झोपेत भलेभले धुतल्या तांदळासारखे होतात. पण बाई स्वतः जन्मात दारूच्या थेंबालाही शिवल्या नव्हत्या, आणि उद्याच्या तपासणीवर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नव्हतं.

"कर नाही त्याला डर कशाला?" त्या बाही सारून खुर्चीत बसल्या. "डॉक्टर, रक्त आत्ताच घ्या."

"उगाच नवा पायंडा पाडू नका!" साहेब खेकसले.

सुई निघाली. हातावर कापूस दाबत बाई उठल्या आणि पायानेच खुर्ची साहेबांकडे सरकवली.

"बसा साहेब. आणि आधी ती लवंग थुंका."