दोन पदव्या आणि एक रिकामी खुर्ची

कुणाची वाट लांबली, की तो मागे पडला असं धरून चालायचं, ही खोड आपल्या सगळ्यांनाच आहे.

कोरा लिंडक्विस्ट दुपारचा डबा जिन्यात बसून खायची. ओहायोतल्या त्या विद्यापीठात तिला वैद्यकीची आणि संशोधनाची, अशा दोन पदव्या एकत्र घ्यायच्या होत्या. नियम असा, की आधी दोन वर्षं वैद्यकीचे वर्ग, मग प्रबंध पुरा होईस्तोवर प्रयोगशाळा, आणि मग परत रुग्णालयात शेवटची दोन वर्षं. प्रबंधाला पाच वर्षं लागली. ती परतली तेव्हा तिचे सोबती डॉक्टर होऊन पांगले होते. रुग्णालयातल्या भिंतीवर त्यांच्या पदवीदानाचा फोटो होता. त्यात ती नव्हती. नव्या वर्गातली मुलं तिला ‘आजी’ म्हणत. मनात वाईट काही नसे, पण आजीला जेवायला कुणी हाक मारत नसे.

शेवटी तिनं वैद्यकी सोडण्याचा अर्ज भरला. संशोधनाची पदवी तेवढी पदरात पाडून घरी जायचं.

कार्यालयातल्या डोरेथाबाई तीस वर्षं असे अर्ज घेत आल्या होत्या. त्यांनी शिक्का उचललाच नाही. अभ्यास झेपत नाही का, म्हणून विचारलं. तसं काही नव्हतं.

“मग एझ्रासारखंच,” त्या म्हणाल्या. “तोही तुझ्यासारखाच प्रयोगशाळेतून उशिरा परतलेला. सात वर्षं झाली त्याला. याच खुर्चीत बसून म्हणाला, परीक्षांचं काही नाही हो, पण दिवसभर माझ्याशी कुणी बोलत नाही. मी मुकाट्यानं शिक्का मारला. अजून मन खातं माझं.”

कोराचा चेहरा उतरला. एझ्रा! केस विरळ झालेला, खानावळीत सदा कोपऱ्यातल्या टेबलाशी एकटा बसणारा.

“त्याला ‘काका’ हे नाव मी ठेवलं होतं,” ती हळूच म्हणाली. “पहिल्या वर्षाला. सगळे हसले. तोही हसला होता.”

डोरेथाबाई रागावल्या नाहीत. “नियमांच्या पुस्तकात सगळं आहे, पोरी. किती तास, किती परीक्षा, कुणाच्या सह्या. शेजारी कुणी बसायचं, तेवढं नाही लिहिलेलं. ते आपलं आपण करायचं.”

कोरानं अर्ज घडी करून खिशात घातला, एझ्राला पत्र लिहायचं मनाशी ठरवलं, आणि जिना टाळून थेट खानावळीत गेली. नव्या वर्गातली मुलं बसली होती, त्या टेबलाशी ती थांबली.

“आजीला जागा आहे का?” तिनं विचारलं. “नाव कोरा आहे माझं.”

टॅमसिन नावाच्या मुलीनं खुर्चीवरची बॅग घाईघाईनं उचलली. तिचे कान लाल झाले होते. “बस ना. आम्हाला वाटलं, तुला एकटीनंच बसायला आवडतं.”

वाचकहो, आपल्याही कचेरीत, वर्गात, इमारतीत लांबच्या वाटेनं आलेलं कुणीतरी असतंच. त्याला एकटं राहायला आवडतं, हे आपणच ठरवून मोकळे होतो. एकदा विचारून तर बघू या.