ताणलेले चार बोल्ट

रविवारी बारापर्यंत ट्रॅक्टर सुरू झाला नाही तर भंगारात, असा दौलतकाकांचा हुकूम होता. बाबा गेल्यापासून त्यांचा दोन सिलिंडरचा ट्रॅक्टर टिटवाळ्याच्या घरामागे सहा वर्षं उभा होता, आणि काकांना तिथे राकेशची नवी गाडी लावायची होती. राकेश म्हणजे त्यांचा मुलगा; चिखल दिसला की हा चार पावलं मागे. मला मात्र उरलेलं भातशेत याच ट्रॅक्टरने नांगरायचं होतं. माजिवड्याच्या वर्कशॉपमध्ये मी बसची इंजिनं खोलते-जोडते, पण काकांच्या लेखी मी अजून बाबांचे पाने हरवणारी संचिताच.

महिनाभर प्रत्येक सुट्टीला खपून इंजिन जोडत आणलं. राहिले कनेक्टिंग रॉडचे चार बोल्ट. पिस्टनला क्रँकशी धरून ठेवतात ते हेच. शनिवारी कल्याणच्या दुकानात हवा तसा एकच मिळाला. बाकीचे तीन उद्या सकाळी, म्हणाले.

घरी येऊन नवा आणि जुना बोल्ट आट्यांत आटे घालून उजेडाला धरले. पहिले चार आटे जुळले, पुढे फट दिसायला लागली. जुना ताणला गेला होता. असा बोल्ट महिनाभर चालेलही. मग भर शेतात तुटतो आणि रॉड इंजिनची भिंत फोडून बाहेर येतो.

काकांनी जुने बोल्ट हातात घेतले. "बाबुरावच्या हातचे आहेत. हेच घाल, उद्या सुरू होईल, विषय संपेल."

मला राग आला, आणि आला ते बरं झालं. "बाबांचे म्हणून जपायचे तर कपाटात जपा. इंजिनात मी नाही घालणार."

रविवारी अकराला तीन बोल्ट घेऊन परतले आणि थेट ट्रॅक्टरखाली शिरले. हे बोल्ट एका दमात आवळत नाहीत. थोडा हा, थोडा तो, ठरलेल्या जोराला पाना टक् वाजेपर्यंत. बाराला भंगारवाला गणू टेम्पो आणि गॅस कटर घेऊन हजर. काका वाकून म्हणाले, वेळ संपली, बाहेर ये.

"नाही येत. कापायचा तर मी खाली असतानाच कापा."

काका सरळ झाले. मग त्यांनी गणूला सावलीत बसवून चहा दिला. एकही टक् मी चुकवला नाही. खालचं झाकण लावलं, ऑइल भरलं, डिझेलमधली हवा काढली. पावणेतीनला किल्ली फिरवली. ट्रॅक्टर दोनदा खोकला, काळा धूर राकेशच्या गाडीवर गेला आणि इंजिनाने ठेका धरला. मी रडत होते, आणि कोणापासून लपवतही नव्हते.

गणूने कुरकुर केली की त्याची फेरी फुकट गेली. मी जुन्या बोल्टांची वाटी त्याच्यापुढे धरली. भंगार हवं होतं ना, हे चार बोल्ट घेऊन जा म्हटलं.

त्याने वाटीत बघितलं. "ताई, चार म्हणालात. तीनच आहेत."

दौलतकाका सदऱ्याच्या खिशात हात घालून शेताकडे बघत होते.

"तीनच होते," मी म्हणाले आणि गिअर टाकला.