डावीकडे सरकणारं पान

बाबा मुद्रितं तपासतात. कॉम्प्युटरवर त्यांचे दोन डेस्कटॉप असतात. एकावर लेखकाचा मूळ मजकूर, दुसऱ्यावर छापायची पानं. बटण दाबलं की एक जातं, दुसरं येतं. तासाभरात शंभर वेळा तरी. हल्ली त्यांची कुरकुर सुरू झाली होती, पडदा असा फटकन बदलला की गरगरतं म्हणे.

पडद्यावरच्या गोष्टी हळुवार हलवणं हा माझा धंदाच. पण घरचं काम म्हणून दोन महिने टाळाटाळ केली. अखेर परवा सकाळी बसले. एक डेस्कटॉप डावीकडे सरकत जाईल आणि दुसरा उजवीकडून येईल, असं केलं. तपासण्यापुरता वेग कमी ठेवला.

"नजर मधोमध ठेवा, बाबा. कुठे अडखळतंय का सांगा."

बाबांनी बटण दाबलं. "मध्यापर्यंत छान जातं. मग गडप."

"गडप कसं होईल? पार कडेपर्यंत जातंय."

"मला नाही दिसत बुवा."

माझं डोकं फिरलं. सगळा प्रोग्राम पुन्हा चाळला, चूक काही सापडेना. बाबांना कीस काढायची सवयच आहे, असंही मनात आलं. शेवटी वैतागून पडद्याच्या डाव्या बाजूला हात धरला.

"किती बोटं?"

"कुठली बोटं?"

चूक माझ्या प्रोग्राममध्ये नव्हती. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहायची, तेव्हा मी म्हणायचे, लहान मुलासारखे नखरे करता. डावा खांदा चौकटीवर आपटायचा, तेव्हा म्हणायचे, बघून चाला. हे सगळं मी म्हटलं होतं, आणि वर हसलेही होते.

"बाबा, आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जायचं."

"जाऊ की," म्हणत त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. "आधी पोरीला शाळेत सोडून येतो."

माझ्या मुलीला रोज तेच शाळेत सोडतात. त्यांच्या हातातून मी किल्ली हिसकावूनच घेतली.

खाली मुलगी गाडीपाशी वाट बघत होती, ती मागे बसली. मी बाबांना शेजारी बसवलं आणि स्वतः चालवायला बसले. पोरगी हिरमुसली.

"आई, तू चालवणार? म्हणजे आज मी डावीकडचं सांगायचं नाही?"

"कसलं डावीकडचं?"

"सायकल आली, माणूस आला. डावीकडचं मी सांगायचं, उजवीकडचं आजोबा बघणार. आमचा खेळ आहे तो."

"कधीपासून?"

"शाळा सुरू झाल्यापासून. काल मात्र मी खिडकीवर चित्र काढत बसले आणि सांगायला उशीर झाला. एका बाईंची पिशवी पडली फक्त."

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी मान खाली घातली होती.

"घरी सांगायचं नाही असं ठरलं होतं ना आपलं?" ते हळूच म्हणाले.

"घरी कुठे सांगितलं?" माझी मुलगी म्हणाली. "गाडीत सांगितलं."